मोरे साहेबांचं हाय

यंदा टँकर पुन्हा आमच्या गल्लीत पाठमोरा शिरू लागला आहे. पुंडलिकनगरची ही गल्ली एवढी अरुंद, की आत येऊन त्याला तोंड वळवता येत नाही. म्हणून आधी पाठ, मग तोंड. मागं येताना त्याचा भोंगा टुंई-टुंई करतो आणि दारादारांतून घागरी, बादल्या, रंगाचे रिकामे डबे बाहेर येतात. पाइप सुटला की पहिलं ओंजळभर पाणी रस्त्यावर सांडतंच. तापलेल्या सिमेंटवर पडलेल्या त्या पाण्याचा वास क्षणभर टिकतो. मी दारात खुर्ची टाकून खास त्या वासासाठी बसते. या वयात एवढी चैन चालते.

त्या वासाबरोबर मला एक जुना उन्हाळा आठवतो. तेव्हाही असाच टँकर होता, फक्त गल्ली अर्धी मोकळी होती. शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणत. जालना रोडनं शहर शेंद्र्याकडं पळत सुटलं होतं, दुसऱ्या अंगानं वाळूजकडं. जिकडं पाहावं तिकडं चुन्याच्या रेघा मारलेले प्लॉट आणि 'बुकिंग सुरू'च्या पाट्या. नळ मात्र आठवड्यानं यायचा. शहर वाढतंय आणि धरण आटतंय, या दोन्ही बातम्या पेपरात एकाच पानावर शेजारी शेजारी असायच्या. कुणाला त्यात वावगं वाटत नसे. मलाही नाही.

मी तेव्हा चाळिशी ओलांडलेली, मुलींच्या एका शाळेतली पी.टी.ची बाई. साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी आणि आपल्याला सगळं कळतं असा चेहरा. त्या पाठक बाईंची मला आता फार गंमत वाटते. आज समोरून आल्या तर मी रस्ता ओलांडून पलीकडं जाईन. न जाणो, मलाच 'सावधान' म्हणायच्या.

त्या वर्षी शाळेला सरकारी योजनेतून खेळाच्या साहित्याची पेटी आली. आत दोन फुटबॉल, एक पंप, आणि पंपाची सुई गायब. मला फुटबॉलमधलं काही म्हणजे काही कळत नव्हतं, पण हे मुख्याध्यापिकांना सांगायचं तर कमीपणा. मी मूळची खो-खोची. तेव्हा मी फुटबॉलही खो-खोच्या अंगानं शिकवला. निम्म्या मुली रांगेत उकिडव्या बसवल्या, उरलेल्या बॉलमागं सोडल्या. आणि बॉल मारायच्या आधी जिच्याकडं मारायचा तिला 'खो' द्यायचा. आमच्या मुली कितीतरी महिने असा फुटबॉल खेळल्या. त्यांना वाटायचं, असाच असतो. पुढं पुढं मलाही तसंच वाटायला लागलं.

त्यांच्यात शारदा होती, गोलकीपर. वडील गवंडी. वाढत्या शहराच्या कितीतरी भिंती त्यांच्या हातच्या. स्वतःचं घर शाळेमागच्या वस्तीत, दारावर निळ्या रंगात धम्मचक्र काढलेलं. शारदा दोन विटांच्या मधे उभी राहायची आणि अंगावर येईल ते अडवायची. बॉल, धूळ, माझं बोलणं, सगळंच.

"शारदा, बॉल कुठंय?"

"हाय की बाई, हितंच हाय."

"'हाय' नाही. 'आहे'. दहा वेळा म्हण."

ती दहा वेळा 'आहे' म्हणायची आणि अकराव्यांदा, "झालं का बाई? अजून काय हाय का?"

आता खरं सांगायचं तर मी स्वतः करमाडची. माझ्या माहेरी भिक्षुकी होती, पण गाव जे बोलायचं तेच आम्ही बोलायचो. पाणी हाय, चूल हाय, आई घरी नाय. लग्न होऊन शहरात आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "सूनबाई, 'आहे' म्हणावं. उठता-बसता हाय-हाय कशाला? घरात कुणी गेलंय का?" मी तो शब्द जिभेवरून असा काही खरवडून काढला, की पुढं दुसऱ्याच्या तोंडी आला तरी मला टोचायचा. आणि बाई झाल्यावर मी माझ्यावर झालेलं सगळं व्याजासकट मुलींवर केलं.

संक्रांतीच्या सुमाराला आमच्या वरच्या मजल्यावर एक जपानी गृहस्थ राहायला आले. शेंद्र्याला, आमच्या करमाडच्या अलीकडं, एका कंपनीत नवी यंत्रं बसत होती, ती बसवायला. पन्नाशीच्या आसपासचे, आखूड केसांचे, डावा पाय किंचित ओढणारे. दारात उभं राहून त्यांनी कमरेत वाकून नाव सांगितलं, "मोरी."

आमचे हे माझ्या कानाशी आले. "अगं, हाक कशी मारायची यांना? मोरीसाहेब, जेवायला या?"

मोरी म्हणजे आमच्याकडं न्हाणीतली भांडी घासायची जागा. त्यांच्या भाषेत मोरी म्हणजे जंगल, हे मला फार नंतर कळलं. त्या वेळी मी तोडगा काढला: मोरे साहेब. गल्लीनं तो आनंदानं उचलला. आठवड्याभरात पोस्टमनही विचारायला लागला, "मोरे साहेबांची पत्रं हिथंच टाकायची ना?"

आमच्या गच्चीवरून शाळेचं मैदान दिसायचं. मैदान म्हणजे तरी काय, एक कडूनिंब, चार बाभळी आणि मधे मुरूम. एका सकाळी कुणीतरी लाथाडलेला बॉल उडून आमच्या गच्चीवर गेला. मोरे साहेब तिथं चहा पीत उभे होते. त्यांनी कप खाली ठेवला नाही. फक्त पाय वर केला आणि आकाशातून आलेला तो बॉल त्यांच्या पायापाशी असा बसला, जसं सांगूनही मांजर कधी बसत नाही. मग त्यांनी तो परत मारला. बॉल भिंतीवरून, बाभळींवरून, अलगद शारदाच्या हातात आला. शारदानं हात हलवलासुद्धा नव्हता.

"बाई," ती म्हणाली, "ह्यो माणूस खो न देताच बॉल देतो."

मी त्याच संध्याकाळी वहीपेन्सिल घेऊन वर गेले. माझ्या घाईला कारण होतं. आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचा त्या मैदानावर डोळा होता. शाळेच्या रस्त्याकडच्या बाजूला गाळे काढायचे, असं त्यांच्या मनात फार दिवस घोळत होतं. ते मला म्हणाले होते, "बाई, पोरी तिथं उन्हात नुसत्या पळतात. पळून कुठं जायचंय त्यांना? मैदान राखायचं तर काहीतरी नाव पाहिजे मैदानाला. कुणी मोठा खेळाडू आणा, पेपरात फोटो येऊ द्या, मी स्वतः फीत कापायला येतो. मग गाळ्यांचं बघू मागंपुढं." मला त्या क्षणी मोठा खेळाडू पाहिजे होता, आणि तो माझ्याच डोक्यावर राहत होता.

त्यांचं इंग्रजी माझ्याएवढंच होतं, म्हणजे दोघांनाही पुरेसं नव्हतं.

"यू, प्लेअर?"

"हाय," ते मान लववून म्हणाले.

मी दचकले. जपानहून आलेला माणूस करमाडचं बोलत होता.

"प्रोफेशनल?"

"हाय."

"जपान टीम?"

"हाय."

"वर्ल्ड कप?"

जरा थांबून, जरा जास्त वाकून, "हाय."

"कॅप्टन?"

"हाय, हाय."

"आणि गोल? हाऊ मेनी गोल?"

यावर त्यांनी अंगठा आणि तर्जनी जुळवून एक सुबक वर्तुळ केलं आणि हसले. मीही हसले. गोल म्हणजे गोलच असतो, हे त्यांनी मला किती छान समजावून सांगितलं असं मला वाटलं. वहीत मी लिहिलं: गोल असंख्य.

आठ दिवसांत पत्रिका छापून झाल्या. गुलाबी कागद, वर देवी शारदेचं चित्र, खाली 'जपानचे विश्वचषक गाजवणारे कर्णधार श्री. मोरे साहेब यांच्या उपस्थितीत क्रीडांगणाचे उद्घाटन'. अध्यक्षांनी पत्रिका तीनदा वाचली. "बाई," ते म्हणाले, "मैदान तुमचं. माझा शब्द." मी ती पत्रिका मोरे साहेबांनाही दिली. त्यांनी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावल्यासारखी उंचावली आणि भिंतीवर चिकटवली. मराठी त्यांना वाचता येत नव्हतं. चित्र आवडलं असावं.

मग टाकीचं प्रकरण झालं. आमच्या गच्चीवर काळी टाकी होती, अजून आहे. नळ यायचा त्या पहाटे मोटर लावून ती भरायची, मग आठवडा तिच्यावर काढायचा. त्या दिवशी माझे गुडघे दुखत होते, म्हणून मी जिन्यातूनच ओरडले, "मोरे साहेब! वर टाकीत पाणी हाय का?" त्यांच्याशी बोलताना मी बिनधास्त हाय म्हणायचे. सासूबाई जाऊन वर्षं झाली होती, आणि हा माणूस काय मला सुधारणार?

वरून खणखणीत उत्तर आलं, "हाय!"

मी निर्धास्त. मोटर लावली नाही. नळ आला आणि गेला. दुसऱ्या दिवशी डोक्याला शिकेकाई लावली आणि तोटी सोडली तर तोटीनं एक सुस्कारा टाकला, बस. टाकी ठणठणीत कोरडी. आमचे हे जिन्यात उभे राहून म्हणाले, "पाठक बाई, आता केसांना बोला, विश्राम."

शनिवारी कंपनीच्या दुभाषी आल्या. पुण्याच्या, माझ्याच वयाच्या, फार सौम्य बाई. मी त्यांच्यापुढं तक्रार मांडली. माणूस सज्जन आहे हो, पण पाणी नसताना पाणी हाय म्हणाला.

त्या हसायला लागल्या. "अहो, ते 'हाय' आपलं नाही. जपानीत समोरचा बोलत असला की हाय, हाय म्हणत राहतात. म्हणजे ऐकतोय. तुमचं बोलणं पोचलं."

"म्हणजे 'हो' नाही?"

"कधी कधी 'हो'. पुष्कळदा नुसतं 'ऐकलं'."

मी मनातल्या मनात सगळे प्रश्न परत विचारून पाहिले. जपान टीम? ऐकलं. वर्ल्ड कप? ऐकलं. कॅप्टन? ऐकलं, ऐकलं.

"आणि बोटांचं असं गोल केलं तर?" मी कसंबसं विचारलं.

"शून्य असेल."

मग आम्ही तिघं गच्चीवर बसलो, कोरड्या टाकीच्या सावलीत. मी पुण्याच्या बाईंना म्हटलं, त्यांना विचारा, ते नक्की काय खेळले? आणि मोरे साहेबांनी सांगितलं. एखादा माणूस आपल्या गावच्या बसचे थांबे सांगतो, तसं क्रमानं, कुठंही आवाज न चढवता.

गाव समुद्राकाठचं, बर्फाचं. वडील रस्त्यावरचा बर्फ सारायची गाडी चालवायचे. मैदान वर्षातले कितीतरी महिने बर्फाखाली जायचं, म्हणून शाळेच्या लांबलचक व्हरांड्यात सराव. व्हरांडा अरुंद, त्यामुळं कडेकडेनं पळायची सवय लागली, आणि कडेनं पळणारा म्हणून ते डावीकडचे बचावपटू झाले. शाळा संपल्यावर एका कारखान्यात लागले. कारखान्याचा संघ होता. सकाळी लेथवर काम, दुपारी खेळ. मग त्यांच्या देशात पगारी खेळाडूंच्या स्पर्धा सुरू झाल्या, झेंडे आले, ढोल आले. मोरे साहेबांच्या चेहऱ्याचंही एक स्टिकर निघालं. त्यांच्या आईनं ते फ्रिजवर लावलं.

दुसऱ्या श्रेणीचा संघ. एकच हंगाम तो संघ वर चढला, पहिल्या श्रेणीत. त्या हंगामात मोरे साहेब बहुतेक बाकावर. सामना जिंकत आलेला असला आणि वेळ खायची असली, की प्रशिक्षक शेवटच्या दोन-तीन मिनिटांसाठी त्यांना आत पाठवायचे. सावकाश चालत आत जायचं, हे काम. "ते मला चांगलं जमायचं," मोरे साहेब म्हणाले आणि पुण्याच्या बाई ते मराठीत आणताना जरा खाकरल्या. मग तो संघ खाली आला. मग दुसरा संघ, त्याहून लहान गावातला. मग तिसरा. मग डावा गुडघा.

शेवट असा झाला. एका नोव्हेंबरात व्यवस्थापकांनी खोलीत बोलावलं. चहा दिला. म्हणाले, पुढच्या वर्षी आम्हाला तुमची गरज नाही. मोरे साहेब म्हणाले, "हाय."

"म्हणजे 'हो' म्हणाले?" मी विचारलं.

पुण्याच्या बाईंनी विचारून सांगितलं, "नाही. ऐकलं, एवढंच."

पुढचे पाच दिवस ते रोज पिशवी घेऊन घरातून निघत आणि एका बागेत पळून परत येत. सहाव्या दिवशी बायकोला सांगितलं. तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं, बुटांना गवत नव्हतं. नंतर जुन्या कारखान्यात परत गेले. लेथ तोच होता.

"इतकी वर्षं खेळून एकही गोल नाही, वाईट नाही वाटलं?" हा माझा प्रश्न. आता ऐकवत नाही मला तो.

मोरे साहेबांनी बोटांवर मोजलं. म्हणाले, "मला अकरा मैदानांची डावी कड पाठ आहे."

मी खाली आले. एखाद्या बऱ्या बाईनं त्याच संध्याकाळी अध्यक्षांकडं जाऊन सांगितलं असतं, साहेब, माझी चूक झाली, माणूस चांगला आहे पण कर्णधार नाही. पाठक बाईंनी काय केलं? उरलेल्या पत्रिका वाटल्या. मी मनाशी म्हटलं, त्यांना मराठी कळत नाही, अध्यक्षांना फुटबॉल कळत नाही, आणि मैदान राहतंय. कुणाचं काय जातंय? शारदाला तेवढं मी सांगितलं, कारण तिच्यापासून काही लपत नसे.

"बाई, मग तुम्ही खोटं छापलं?"

"चुकून छापलं."

"पण आता ठावं हाय ना?"

"'ठाऊक आहे' म्हण," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

टाकीच्या फजितीचं मोरे साहेबांनी मनावर घेतलं होतं. आपलं हाय आणि आमचं हाय यांतला फरक त्यांनी पुण्याच्या बाईंकडून नीट समजून घेतला. आमच्या 'नाय'चा त्यांना काही त्रास नव्हता. त्यांच्या भाषेतही 'नाय' म्हणजे नाहीच. पाणी म्हणजे 'मिझु', पाणी नाही म्हणजे 'मिझु नाय'. करमाडच्या माणसाला यात फक्त मिझु शिकायचं बाकी राहतं. मग एका रविवारी त्यांनी टाकीत एक बंद बाटली सोडली, तिला दोरी, दोरी टाकीच्या काठावरून बाहेर, आणि बाहेरच्या टोकाला दगड. आत पाणी चढलं की बाटली वर, दगड खाली. पाणी उतरलं की दगड वर. खालून गल्लीतूनसुद्धा दिसावं असं. शारदानं त्यांना अक्षरं गिरवून दिली आणि त्यांनी टाकीवर पांढऱ्या रंगानं लिहिलं: वर 'नाय', खाली 'हाय'. मी 'आहे' लिहा म्हणणार होते. पण टाकीवर माझी सत्ता तेव्हा उरली नव्हती.

शिमग्याच्या नंतरचा दिवस होता, वार्षिक परीक्षेच्या आधीचा. मैदानात मांडव, फीत, लाउडस्पीकर. मुलींचे आईबाप, गल्ली, मागची वस्ती, एक पेपरवाला कॅमेरा घेऊन. अध्यक्षांनी धूळ बसावी म्हणून मैदानात पाणी मारायला एक टँकर पाठवला होता. तो फाटकातून पाठमोरा आत आला तसे मोरे साहेब उठले. कुंपणापलीकडं वस्तीतल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या. टँकर म्हटल्यावर आल्या होत्या. साहेब ड्रायव्हरपुढं जाऊन कमरेत वाकले. मैदानाकडं बोट दाखवून म्हणाले, "मिझु नाय." घागरींकडं दाखवून म्हणाले, "मिझु हाय."

ड्रायव्हर खाली उतरला. "काय म्हणतंय हे चिनी साहेब?"

"जपानी हाय ते," कुंपणावरून एक म्हातारी म्हणाली. "आन् बरोबर म्हणतंय. लाव पाइप हिकडं!"

अध्यक्षांचा चेहरा पडला, पण पाहुणा मोठा होता. घागरी भरल्या. मैदान कोरडंच राहिलं.

मग निवेदकानं माइक घेतला आणि माझी पत्रिका मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. मराठीपुरतं ठीक होतं. पण त्याला स्वतःच्या इंग्रजीचा अभिमान. "जपानचे कॅप्टन!" तो गरजला. "वर्ल्ड कप प्लेअर! अगणित गोल!" या शब्दांना दुभाषी लागत नाही. मी मोरे साहेबांकडं पाहिलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. गच्चीवर आलेल्या बॉलकडं जसं पाहिलं होतं तसं. हा कुठून आला, आणि कुठं परत द्यायचा.

ते उठले. माइकपाशी गेले. त्या दिवशी पुण्याच्या बाई नव्हत्या. त्यांनी हात आडवा केला.

"कॅप्टन नाय."

मांडव हसला. नम्रपणा वाटला लोकांना.

"वर्ल्ड कप नाय."

हसणं विरलं. अध्यक्षांनी खुर्चीतल्या खुर्चीत अंग सावरलं.

"गोल," म्हणाले, आणि अंगठा-तर्जनीचं ते वर्तुळ सगळ्यांना दिसेल असं वर धरलं. "नाय."

मला वाटलं, आता हे बसतील आणि धरणी मला पोटात घेईल. पण धरणी इतकी कडक झालेली, की तीही फाटेना. साहेब बसले नाहीत. शारदा विटांपाशी बॉल धरून उभी होती. त्यांनी तिच्याकडं पाहिलं, मग मुरमाकडं, मग आम्हा सगळ्यांकडं.

"फुटबॉल," ते म्हणाले, "हाय."

नंतर पुण्याच्या बाईंना मी हे वाक्य सांगितलं. त्या म्हणाल्या, जपानीत असं वाक्य होतच नाही. ते मराठी होतं. आमच्या करमाडचं.

पहिली शिट्टी वस्तीकडून आली. मग सगळा मांडव. त्या गोंधळात शारदाचा आवाज, "सर, एक तर मारा! आमच्यावर तरी होऊ द्या तुमचा गोल!"

साहेबांनी बूट काढले. अनवाणी. तिच्यापासून बारा पावलं मोजून बॉल ठेवला, डाव्या पायानं. मुलीवर कोण जोरात मारतो? मला वाटलं, घालतील आपला हळूच. त्यांनी तसं केलं नाही. बॉल निघाला तो आवाज मला अजून आठवतो, ओली चादर झटकल्यासारखा. आणि शारदा आडवी झाली. धूळ उडाली, काही दिसेना. धूळ बसली तेव्हा बॉल तिच्या छातीशी होता. तिचे तळवे पुढं चार दिवस लाल होते, ती दिसेल त्याला दाखवत हिंडली.

साहेबांनी तिला जो नमस्कार केला, तेवढं वाकून त्यांनी माझ्या देखत कुणालाच केला नाही.

अध्यक्ष तोवर निघून गेले होते. फीत तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी मला बोलावून म्हणाले, "बाई, तुम्ही माझं गावात हसं केलं. खोट्याचं आमंत्रण माझ्या नावानं गेलं. आता शब्दबिब्द काही मागू नका." मी म्हणाले, हो. हे खरोखरचं हो होतं. पेपरात फोटो आला तो शारदाचा, आडवी झालेली. खाली नाव चुकीचं. मोरे साहेब मृगाच्या आधी यंत्रं चालू करून गेले. जाताना टाकीवरची दोरी नवी घातली. दिवाळीनंतर मैदानात चुन्याच्या रेघा पडल्या, पुढच्या उन्हाळ्यात गाळे उभे राहिले. बांधकामावर शारदाचे वडीलच होते. त्यांनी तरी काय करावं, शहर वाढत होतं.

परवा माझी नात ओवी मोबाइलमध्ये तोंड घालून बसली होती. तिला मी हे सगळं सांगितल्यापासून ती मोरे साहेबांना शोधत होती. सापडले. त्यांच्या नावाचं एक पान निघालं, लहानसं, फोटो नाही. एक तक्ता: संघ, वर्षं, सामने. ओवीनं शेवटचा रकाना वाचला. "गोल, शून्य. आजी, सगळीकडं शून्य. आपल्याकडची मॅच तर लिहिलीच नाही त्यांनी!"

"लिहिली असती तरी शून्यच," मी म्हणाले. "शारदानं अडवला होता."

शारदा आता बजाजनगरला असते. कंपनीत सुपरवायझर आहे, आणि रविवारी कामगारांच्या मुलींना खेळवते, खऱ्या नियमांनी. मध्यंतरी भेटायला आली होती. मी तिला म्हटलं, त्या दिवशी साहेब गप्प बसले असते तर मैदान राहिलं असतं गं. ती चहाचा कप ठेवून म्हणाली, "बाई, त्यांच्या खऱ्यानं नाय गेलं. तुमच्या खोट्यानं गेलं. तुम्ही आधीच जाऊन सांगितलं असतं, तर आम्ही पोरींनी अध्यक्षांच्या दारात बसून मागून घेतलं असतं." मग माझा चेहरा पाहून हसली. "आता काय, झालं ते झालं. साखर हाय का अजून?"

साखर होती. दिली.

काल संध्याकाळी ओवीला घेऊन मी गाळ्यांकडं गेले. एक टायरचं दुकान, एक मोबाइलचं, एक दवाखाना, आणि टोकाला उन्हाळ्यापुरती रसवंती. मैदानातला कडूनिंब तेवढा राहिला आहे अजून. त्याच्यापासून पावलं मोजली तर रसवंतीचं लाकडी बाकडं साधारण तिथं येतं, जिथं साहेबांनी बॉल ठेवला होता. मी दर उन्हाळ्यात तिथं एक पेला रस पिते.

"आजी, बर्फ नाय बरं का," रसवाला म्हणाला. "पाणीच नाय तर बर्फ कुठला."

ओवीनं बाकड्याखाली पाहिलं, मुरमाचा मागमूस नाही, फरशी. मग म्हणाली, "आजी, खरं सांग. मोरे साहेब त्या दिवशी खोटं तसंच राहू देते, तर हे मैदान राहिलं असतं ना?"

पलीकडं टँकर मागं येत होता, टुंई-टुंई करत. कुणाच्या तरी गच्चीवर मोटर लागली. मी पेल्यातला फेस बोटानं बाजूला केला.

"हाय," मी म्हणाले.

"हाय म्हणजे? हो, का आहे?"

मी रस पीत राहिले. तिचं बोलणं पोचलं होतं.